पितळेतलं नाव

राहुरीत पत्रा कापून देणाऱ्या दुकानात ती कॉम्प्युटरवर बसायची. मी तिला एकदाच पाहिलं. माझ्या बहिणीच्या कबरीवर लावायला पितळेचं नाव हवं होतं. तिला जाऊन वर्ष झालं म्हणून पाच वाजता तिथं प्रार्थना होती. चारला लाईट जाणार होती, आणि दुकानात पितळेचा पत्रा एकच उरला होता.

पडद्यावर बहिणीचं नाव, 'मार्था', चांगलं दिसत होतं. तरी बाई ते मोठं मोठं करत बसली. खालचा ओठ दातात धरलेला, मान पुढं.

"अगं, दिसतंय की नीट. काप आता," मी म्हणाले.

"आजी, मशीनला अक्षर कळत न्हाई. रेघ दिसली की ते कापतंय."

तिनं बोटानं दाखवलं. अक्षरं वरच्या रेघेपाशी एकमेकांवर चढली होती. तसंच कापलं असतं तर नावाचे तुकडे पडले असते. ती दोन आकार धरून एक करायची, की मधली रेघ जायची.

"ताई, धाच मिनिटं राह्यलीत!" मशीनवरचा माणूस ओरडला.

"थांबा. बटनाला हात लावू नका."

रफाराच्या मुळाशी केसाएवढी रेघ राहिली होती. मला चष्म्यातूनही दिसेना. मला तिचा रागच आला. तिनं ती काढली आणि मगच मशीनवरच्या माणसाला मान हलवून खूण केली.

मशीन थांबलं आणि लगेच लाईट गेली. नाव अखंड निघालं.

"कडांना धार हाय, आजी," ती माझ्याकडं न बघता म्हणाली.

मी ते पदरात गुंडाळलं. बहीण वर्षभर बिननावाची पडून होती. त्या संध्याकाळी तिचं नाव लागलं.