शोभेची बत्ती

तमाम मराठी जनतेस अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येते की, सौदी अरेबियात भर समुद्रकिनारी हिमवादळ झाले, त्या हिमवादळात एका दीपगृहाचे छायाचित्र काढण्यात आले आणि ते ऐतिहासिक कार्य प्रस्तुत लेखकाच्या हस्ते पार पडले. टाळ्या नंतर वाजवाव्यात.

आता खरं सांगतो. हिमवादळ म्हणजे गारा. पण आमच्याकडे हिवाळ्यात कधीमधी अशा काही गारा पडतात की वाळू पांढरी होते, आणि अरबांची मोठमोठी माणसं गाड्या थांबवून त्या एकमेकांच्या झग्यात टाकतात. त्यामुळे मी हिमवादळ म्हणणार. माझी आठवण आहे, नाव मीच ठेवणार.

रास तनुऱ्याच्या रस्त्यावर आमचा कॅम्प. मी कोल्हापूरकडचा, तेलाच्या प्लांटवर मचाणं बांधणाऱ्या टोळीचा फोरमन. खोलीतल्या शेजारच्या खाटेवर एक मालवणी वेल्डर. माझ्याकडे एक जुना मोठा कॅमेरा असल्यामुळे मी कॅम्पचा राजछायाचित्रकार. शुक्रवारी पोरं इस्त्रीचे शर्ट घालून यायची, मी त्यांना दुसऱ्याच्या गाडीला टेकून उभं करायचो आणि गावाकडे फोटो जायचे. गाडी कुणाची हे गावाने विचारायचं नाही, असा अलिखित करार होता.

मालवण्याने मात्र कधी फोटो काढून घेतला नव्हता. त्या हिवाळ्यात तो आपणहून म्हणाला, "फोरमन, माझो एक फोटो काढ. बत्तीबरोबर."

"कुठली बत्ती? ट्यूबलाइट?"

"दीपगृह रे. आमच्याकडे बत्तीच म्हणतात."

त्याचे वडील, आबा, जन्मभर कोकणातल्या एका दीपगृहावर नोकरीला होते. आता अंथरुणाला खिळले होते आणि आठवण पुसत चालली होती. वहिनी, म्हणजे मालवण्याची बायको, रोज व्हिडिओ कॉल लावून फोन त्यांच्यासमोर धरायची. पूर्वी आबा मुलाला "जेवलंस?" विचारायचे. मग नुसतं बघायला लागले. शेवटी एके दिवशी वहिनीला म्हणाले, "ह्या पाव्हण्यांका चाय दी." त्या संध्याकाळी मालवण्याने ताट तसंच ठेवलं.

घरी जावं तर शटडाऊन सुरू झालेला. शटडाऊन म्हणजे प्लांट बंद ठेवून दुरुस्त्या उरकायच्या; त्या काळात वेल्डरला सुट्टी मागणं म्हणजे लग्नात भटजीने सुट्टी मागणं. तरी तो सुट्टी मागून आला होता. "खलास झाल्यावर बघू," असं उत्तर मिळालं होतं.

"आबांक बाकी सगळा इसराक झाला, बत्ती तेवढी ध्यानात आसा," तो म्हणाला. "बत्ती बघितली काय माका वळखतले."

खरी दीपगृहं बंदराच्या कुंपणाआड. तिथे कॅमेरा घेऊन गेलो असतो तर पोलिसांनी आमचाच फोटो काढला असता. पण किनाऱ्यावरच्या बागेत एक शोभेचं दीपगृह होतं. पांढरं, लाल पट्ट्यांचं, खाली कॉफीचं दुकान. शुक्रवारची नमाज झाल्यावर आम्ही तिथे पोचलो. मालवण्याने दाढी केली होती, भांग पाडला होता.

मी फॉर्मात. "मान वर! पोट आत घे."

"घेतलंय."

"मग हे बाहेर आलंय ते काय आहे?"

"ता मेसचा बिर्याणी आसा. फोटो काढ, वजन नको करू."

एवढ्यात आभाळ काळंनिळं झालं, वारा सुटला आणि पहिली गार माझ्या टकलावर येऊन बसली. मी दुकानाच्या छपराखाली पळालो. मालवणी हलला नाही. डोक्यावर एक हात घेऊन तो तिथेच उभा राहिला आणि ओरडला, "आता काढ! वादळात बत्ती कशी दिसता, ता आबांक म्हायत आसा!"

मी काढला. आयुष्यात तेवढा एकच फोटो मला खरोखर जमला असेल. पांढरी जमीन, मागे शिशाच्या रंगाचा समुद्र, तो मनोरा आणि त्याच्यापुढे परीक्षेला बसल्यासारखा माणूस.

कॅमेऱ्याच्या पडद्यावरचा फोटो फोनने टिपून वहिनीला पाठवला. थोड्याच वेळात वहिनीचा व्हिडिओ कॉल. "अहो, आबा उठून बसले! फोटोवरसून हात फिरवतहत!"

मालवण्याने माझं मनगट धरलं. गारा थांबल्या होत्या. मागे मनोरा दिसेल असा फोन त्याने समोर धरला. पडद्यावर आबा आले. डोळे लख्ख. इतक्या महिन्यांत मी ते डोळे तसे पाहिले नव्हते.

"आबा!" हा म्हणाला.

"कोण रे ड्युटीक?" आबा कडाडले. "बत्ती कित्याक लावूक नाय? वादळ दिसना नाय तुका? होड्यो भायर आसत!"

मी कॉफीवाल्या बंगाल्याकडे धावलो. "भाई, ऊपर का लाइट जलाओ, जल्दी!"

"मगरिब के बाद," सूर्यास्ताच्या नमाजेची वेळ सांगत तो शांतपणे म्हणाला. "टाइमर पे है. हमारे पास स्विच नहीं है."

परत आलो तर मालवणी फोनपुढे ताठ उभा होता. "होय साहेब. लावतंय, साहेब," तो म्हणत होता.

"काच पूस आधी." आबांचा आवाज खाली आला. ते इकडेतिकडे मुलाला शोधू लागले. "माझो झील खंय गेलो? तेका बोलवा. तो आसतो तर बत्ती इझाक दिल्यान नसती."

वहिनी फोनच्या मागून रडत सांगत होती, "आबा, ह्योच तो, ह्योच तुमचो झील." आबांनी ऐकलं नाही. ते मनोऱ्याकडेच बघत होते.

मालवणीत ‘मी येईन’ म्हणायचं तर ‘येतलंय’ आणि ‘तो येईल’ म्हणायचं तर ‘येतलो’. इतकी वर्षं शेजारच्या खाटेवर झोपून तेवढं व्याकरण मलाही आलं होतं. वाटलं, आता मालवणी आपलं नाव सांगेल, ओरडेल, निदान फोन तरी ठेवेल. त्याने ओल्या बाहीने तोंड पुसलं आणि एकदम मोठ्याने बोलला,

"येतलो, साहेब! सुट्टी गावली काय येतलो तो!"