सावडीनं आणलेली पोरं

माझी वहिनी मेल्चोरा महाहट्टी बाई. एकदा ती अंड्यांची टोपली घेऊन बाजाराला निघाली आणि पाटी वाचता येत नसल्यामुळे भलत्याच ट्रकमध्ये चढून थेट खाणीवर पोचली. परतली ती फुटकी अंडी आणि एक निश्चय घेऊन. आपल्या पोरीला, लेआंद्राला, लिहा-वाचायला आलंच पाहिजे! तेव्हापासून जो भेटेल त्याला ती ऐकवायची, "आपल्या वायलापाताला शाळा हवी." माझे तर कान किटले.

जिल्ह्याच्या कचेरीत तिनं टायरच्या चपला झिजवल्या. शेवटी साहेब लोकांनी वैतागून होकार दिला, पण एक मेख मारून ठेवली. तपासणीला वर्गात तीस पोरं दिसली नाहीत तर शाळा बंद. डोंगरातल्या गावात तीस पोरं आणायची कुठून, हे कुणी सांगितलं नाही. आम्ही मातीच्या विटा पाडल्या, भिंती उभ्या केल्या, छप्पर चढलं त्या दिवशी मक्याची आंबवलेली चिचा पिऊन नाचलो. मग ओबदुलिया बाई शिकवायला आल्या.

लेआंद्रा कोळशानं दिसेल तिथं लिहू लागली. मडक्यावर, भिंतीवर, एकदा तर माझ्या टोपीवर. मी ओरडलो, तर मेल्चोरा म्हणाली, "असू दे रे सिप्रियानो, तुझ्या डोक्यावर तरी एखादं अक्षर आलं."

जूनमध्ये निरोप आला, तपासणीचे साहेब येताहेत. आमच्याकडे जून म्हणजे कडाक्याची थंडी, बटाटे गोठवून वाळवायचे दिवस. निम्मी पोरं वरच्या माळावर आईबापांबरोबर बटाटे तुडवत होती. गावाची बैठक बसली, चघळायला कोकाची पानं फिरली. म्हातारा फेर्मीन म्हणाला, "एवढं तोंड काय पाडताय? नांगरटीला माणसं कमी पडली की काय करतो आपण? सावड!"

सगळ्यांचे चेहरे उजळले. आमच्याकडे सावड म्हणजे आयनी. आज तू माझ्या शेतात, उद्या मी तुझ्या. आणि उसना आलेला हात त्या दिवसापुरता आपल्याच घरचा. शेजारच्या ताक्राकोचाची पोरं आली, त्यांच्या मुखियाची मुलगीसुद्धा. आम्ही त्यांना उकडलेला मका खाऊ घातला आणि बाकांवर बसवलं.

साहेब खूश. त्यांनी विचारलं, "फळ्यावर नाव कोण लिहील?" लेआंद्रा उठली आणि टपोऱ्या अक्षरांत लिहून मोकळी झाली. साहेबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "शाबास! अशा पोरी असतील तर ही शाळा चालणार." मेल्चोराचा जीव भांड्यात पडला.

पुढच्याच आठवड्यात ताक्राकोचाचा माणूस दारात. "मेल्चोराबाई, आता तेच साहेब आमच्याकडे येताहेत, आम्हालाही तीस पोरं दाखवायचीत. सावड फेडा."

ओबदुलिया बाई रडकुंडीला आल्या. "मेल्चोराबाई, हात जोडते, पोरं पाठवू नका. निदान लेआंद्राला तरी नको. साहेब ओळखतील हो!"

"त्यांनी मुखियाची पोर पाठवली होती, बाई," मेल्चोरा म्हणाली. "बैल घेतला तर बैलच द्यायचा. मी काय लंगडं मेंढरू पाठवू?"

मी बाईंच्या बाजूनं बोलायला गेलो, तर अख्खं गाव माझ्याकडे असं बघू लागलं, जसा काही मी चोरी करायला सांगतोय. सावड नाकारणारा माणूस! शेवटी मी हात टेकले आणि मीच पोरांना घेऊन ताक्राकोचाला गेलो.

लेआंद्रा डोक्यावरून शाल ओढून मागच्या बाकावर बसली होती. साहेब वर्गभर फिरले आणि तिच्यापाशी थांबले. "तू. फळ्यावर नाव लिही तुझं." तिथले मास्तर मागून खुणा करत होते, दुसरं काहीतरी लिही, काहीही लिही. पोरीनं खडू घेतला आणि आपलं नाव लिहिलं. तीच टपोरी अक्षरं. एक काना चुकला नाही.

"ही फसवणूक आहे!" साहेब गरजले.

"फसवणूक कसली, साहेब?" ताक्राकोचाचा मुखिया खरोखरच गोंधळला होता. "सावड आहे."

दोन्ही शाळा बंद झाल्या. आमची तर वर्षभरसुद्धा टिकली नाही. मला चीड येते ती याची, की आजही कुणाला आपलं काही चुकलं असं वाटत नाही. बटाटे काढायला ताक्राकोचाची माणसं वेळेवर येतात, आमची वेळेवर जातात, हसतात, पितात. शाळेचा विषय काढला की म्हणतात, "साहेबच खडूस होता." पोरं काय नांगर आहेत उसनी द्यायला, असं मी विचारलं की मलाच वेड्यात काढतात.

ओबदुलिया बाई खेचरावर बसून गेल्या त्या दिवशी मेल्चोरा आणि लेआंद्रा कुलूप लावलेल्या दारापाशी उभ्या होत्या. मी बाहेर काढलेले बाक रचत होतो.

"ममा," पोर म्हणाली, "मी दुसरं नाव लिहिलं असतं तर शाळा राहिली असती?"

मी मेल्चोराकडे बघितलं. 'नाही' म्हण, एवढंच मनात म्हणत होतो. पोरीला बरं वाटावं म्हणून तरी म्हण. पण माझ्या वहिनीला खोटं बोलणं जन्मात जमलं नाही.

"राहिली असती," ती म्हणाली.

लेआंद्रानं मान हलवली आणि मेंढरांकडे निघून गेली. त्यानंतर आमच्या घरात तिनं कशावरच काही लिहिलं नाही.