आत्याचं पालकसभेचं आवतन

लग्नाचं आवतन देत फिरणाऱ्या बाया नागपुरात गल्लोगल्ली सापडतील, पण शाळेच्या पालकसभेचं आवतन घरोघरी कुंकू-अक्षता देऊन करणारी बाई साऱ्या पृथ्वीवर एकच झाली, आणि ती सक्करदऱ्यात आमच्या घरापासून चौथ्या दारात राहते. माझ्या सुरभीच्या वर्गात पल्लवी नावाची मुलगी होती, तिची ही आत्या. पल्लवीची आई लवकर गेली, बाप ट्रकवर, म्हणून आत्यानंच तिला वाढवलं. पुढे सगळी गल्लीच तिला आत्या म्हणायला लागली. माझ्यापेक्षा दोन-तीन वर्षांनीच मोठी असेल, पण मीही आत्याच म्हणायचो. तिच्यासमोर माणसाचं वय आपोआप कमी व्हायचं.

आत्या ब्लाउज शिवायची. गळ्यात टेप कायम. सभेलाही टेप घालूनच जायची आणि बाई बोलत असल्या की नकळत टेपच्या टोकाशी चाळा करायची. तिच्या हाताला अशी सफाई होती की मनीषनगरहून बायका ऑटो करून यायच्या. पण गल्लीतल्या आयांसाठी तिचा कायदा वेगळा होता. ब्लाउज वेळेवर तयार, अस्तर, काठ, गळा सगळं झकास, फक्त हुक लावलेले नसायचे. "हुक शनिवारी. मीटिंग झाल्यावर." एकदा आमच्या सौभाग्यवतींच्या मावसबहिणीचं लग्न शुक्रवारी आणि सभा शनिवारी, असा पेच पडला. सौ. इस्पितळात नर्स, ड्यूटी करून थकलेली, तिनं बाकी सगळं करून पाहिलं, शेवटी डोळ्यांत पाणी आणलं. आत्या म्हणाली, "पिना लाव वं बाई. लेकरापेक्षा हुक मोठा हाय का?" सौ. लग्नात पिना लावून वावरली आणि शनिवारी सभेला पहिल्या रांगेत हजर!

बापांचं काय करायचं हा आत्यापुढचा खरा प्रश्न होता, कारण बाप ब्लाउज घालत नाहीत. म्हणून तिनं आवतनाची युक्ती काढली. सभेच्या आदल्या दिवशी हातात कुंकवाची वाटी आणि अक्षता घेऊन निघायची. ज्यांच्या घरी कुंकवाची रीत नाही, त्यांच्यासाठी पदरात मोगऱ्याची फुलं. दारात उभी राहून मोठ्यानं म्हणायची, "भाऊ, उद्या तुमच्या लेकीचं कार्य हाय, सहकुटुंब येजा बरं." शेजारीपाजारी ऐकत असताना अक्षता हातात पडल्या की नाही म्हणायची कुणाची छाती आहे?

एकदा मात्र गंमत झाली. मी बुटीबोरीला ज्या सूतगिरणीत होतो, तिथलाच बिहारहून आलेला एक कामगार आमच्या गल्लीत बिऱ्हाडाला आला होता. त्याला मराठी कळेना, पण अक्षता कळल्या. दुसऱ्या दिवशी नवराबायको नवे कपडे घालून, रंगीत कागदात बांधलेला कुकर घेऊन शाळेत! वर्गात बसलेल्या लोकांना विचारतात, "दूल्हा किधर है?" आत्या उठली, कुकर त्यांच्याच मांडीवर ठेवला आणि म्हणाली, "दूल्हा तुम्हारा बेटा है, बैठो." ते जोडपं पुढं एकही सभा चुकलं नाही.

चुकत होतो मी. म्हणजे चुकलो म्हणणंही खोटंच, मी जातच नव्हतो. अक्षता घ्यायचो, हसायचो, "येतो ना आत्या" म्हणायचो आणि शनिवारी दुसरीकडेच असायचो. शिफ्टचं कारण सांगायला सोपं होतं. मग आत्या रविवारी सकाळी, मी दाढी करत असताना, ब्लाउजचे नमुने कापायच्या खाकी कागदावर लिहिलेलं सगळं वाचून दाखवायची. "पालकांनी रोज पंधरा मिनिटं लेकराचं ऐकायचं. मधात बोलायचं नाही." मी म्हणालो, "आत्या, एवढा वेळ कुठून आणू?" तशी ती भडकली. "शाळेत बसाले वेळ नाही, घरी ऐकाले वेळ नाही, मंग तुम्ही राहता तरी कुठी गा भाऊ?" मी फेसभरल्या तोंडानं हसलो. आज त्या हसण्याची लाज वाटते.

सुरभी आठवीत असताना शाळेनं फक्त बापांसाठी कार्यशाळा ठेवली. मुलांनी बापाला पत्र लिहायचं आणि समोर बसून वाचून दाखवायचं. आत्या त्या खेपेला तीनदा आली. तिसऱ्यांदा वाटी नव्हती, अक्षता नव्हत्या. म्हणाली, "भाऊ, पोट्टी आठ दिवसांपासून लिहून राहिली. या वेळी गंमत करू नका." मी शब्द दिला, अगदी सुरभीच्या देखत दिला.

त्या शनिवारी मला सुट्टी होती. शिफ्ट नव्हती, ताप नव्हता, काही नव्हतं. सकाळी मेव्हण्याचा फोन आला, मनीषनगरला एक प्लॉट निघाला आहे, आत्ताच बघायला चला. मला वाटलं, तासाभरात येऊ. मालकानं चहा केला, शेजारचाही प्लॉट दाखवला, आणि घड्याळ पाहिलं तेव्हा दुपारचा एक वाजला होता, कार्यशाळा संपून गेली होती. प्लॉट घेतलाच नाही.

त्या रविवारी आत्या आली नाही. मीच तिच्याकडे गेलो. ती मशीनवर होती, मान वर केली नाही. कुणीतरी सांगितलं होतं की पल्लवीचं पत्र ऐकून झाल्यावर सुरभीच्या समोरही तीच बसली. मी विचारलं, "काय होतं पत्रात?" म्हणाली, "पत्र तुमचं होतं. मी कायले सांगू? लेकीले विचारा." लेकीला विचारलं तर ती म्हणाली, "काही नाही बाबा, असंच." त्यानंतर आत्यानं माझ्या दारात कधी अक्षता आणल्या नाहीत. दहावीपर्यंत सुरभीच्या प्रत्येक सभेला ती गेली, न सांगता.

आता सुरभी पुण्यात नोकरीला आहे. फोन करते, तब्येत विचारते, औषधं घेतली का विचारते. मी काही विचारलं की, "ठीक आहे बाबा," एवढंच. आता मी रोज पंधरा मिनिटं काय, दिवसभर ऐकायला बसलो आहे, पण तिच्याकडे सांगायला काही उरलेलं नाही.

गेल्या महिन्यात आत्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. भेटायला गेलो. काळा चष्मा लावून बसली होती, टेपशिवायचा गळा सुना सुना वाटत होता. इकडचं तिकडचं बोलून झालं आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "आत्या, आता तरी सांगा ना."

तिचा हात सवयीनं टेप शोधत गळ्याशी गेला. मग म्हणाली, "मोठं काही नव्हतं गा भाऊ. घरूनच लिहून आणलं होतं तिनं. पहिलंच वाक्य होतं, 'बाबा, आज तुम्ही आलात, मला खूप आनंद झाला.' तेवढं वाचलं अन् थांबली. दाराकडे पाहे, कागदाकडे पाहे. मंग मीच म्हटलं, 'हो बेटा, आलो मी. वाच पुढं.'"