शेऱ्याचा रकाना

हवालदार माझ्या टेबलासमोर उभा होता आणि सफाईचं रजिस्टर मागत होता. आवाज नरम होता. "बस देखना है, बाईजी. लौटा देंगे."

मी लेडी हेल्थ व्हिजिटर आहे. म्हणजे घरोघर जाऊन बाळंतिणी आणि तान्ही मुलं पाहायची, पाणी उकळून प्या म्हणून सांगायचं आणि संध्याकाळी ऑफिसात रिपोर्ट लिहायचा. माझं शिक्षण मिशनच्या इंग्रजी शाळेत झालं. अनोळखी माणसांशी बोलणं मला जड जातं. लिहिणं जात नाही.

मदन महालाकडच्या हिंदी वस्तीत माझ्या भागात दोन गल्ल्या होत्या. वरच्या गल्लीची नाली खालच्या गल्लीतून वाहायची. वळणावर ती तुंबली की घाण खालच्यांच्या उंबऱ्यात शिरायची आणि दोन्हीकडची पोरं लाठ्या घेऊन वळणावर यायची. बाळंतिणीला पाहायला जावं, तर पडवीत फुटलेल्या डोक्याला पट्टी बांधून दीर बसलेला असायचा. मी हेल्थ ऑफिसर मोघे साहेबांना सुचवलं, दर रविवारी त्याच पोरांकडून ते वळण साफ करून घेऊ.

"नालीला हात लावतील ते? काहून भलतंच करून राहिल्या तुम्ही?"

"भांडतात तेच, सर. म्हणून तेच."

"बघा मग. पण हजेरी घ्या. कागदावर नसलं की वरून विचारतात."

पहिल्या रविवारी नऊ जण आले आणि नुसते उभे राहिले. नाली उपसणं हे आपल्या जातीचं काम नाही, असं प्रत्येकाच्या तोंडावर होतं. शेवटी मीच फावडं उचललं. खालच्या गल्लीचा दशरथ, वय एकोणीस, मारामारीत नेहमी पुढे, थोडा वेळ पाहत राहिला.

"हटिए दीदी, आपसे नहीं होगा."

"इससे भी नहीं होगा," वरच्या गल्लीचा बिहारी म्हणाला. "यह तो लाठी भी उल्टी पकड़ता है."

सगळे हसले. दशरथही हसला आणि फावडं घेतलं.

त्यानंतर दोन महिने वळणावर लाठी दिसली नाही. मी रजिस्टर ठेवत होते. नाव, बापाचं नाव, घर आणि शेवटी शेऱ्याचा रकाना. तो भरायला मला कोणी सांगितलं नव्हतं. पण पोरांशी जे बोलता यायचं नाही, ते मी संध्याकाळी तिथे इंग्रजीत लिहायचे. दशरथच्या नावापुढे लिहिलं होतं : पूर्वी भांडखोर, गल्लीतल्या मारामाऱ्यांचा पुढारी. आता बराच सुधारला आहे. मला ते कौतुक वाटत होतं.

दशरथला रेल्वेच्या इंजिन शेडमध्ये काम मिळायचं होतं. चांगल्या वर्तणुकीचं सर्टिफिकेट हवं होतं आणि चौकीत नाव नको होतं. सर्टिफिकेट मी लिहून दिलं. त्याने ते आईच्या पत्र्याच्या पेटीत ठेवलं.

मग बाजारात एका दुकानदाराला लाठ्यांनी मार बसला. दोन्ही गल्ल्यांपासून लांब. मारणारे कोण, कोणालाच सांगता येईना. लाठ्या चालवणाऱ्या पोरांची नावं माझ्या रजिस्टरात आहेत, म्हणून हवालदार माझ्याकडे आला होता. या रजिस्टरचा बाजाराशी काय संबंध, हे वाक्य माझ्या मनात तयार होतं. ते तोंडातून निघालं नाही.

"द्या न," मोघे साहेब आतून म्हणाले. "चांगल्याच पोरांची नावं आहेत."

मी दिलं.

दुसऱ्या दिवशी सात पोरांना उचललं. पहिला दशरथ. बाजारात मारामारी झाली त्या दिवशी तो बहिणीला सासरी पोचवायला सिहोऱ्याला गेला होता. हे सांगायला मी साहेबांबरोबर चौकीत गेले. दरोग्याला इंग्रजी वाचता येत होतं. त्याने रजिस्टर उघडून एका ओळीवर बोट ठेवलं.

"मिस साहब, लिखाई आपकी ही है न?"

"आगे भी पढ़िए," मी म्हटलं.

"पढ़ लिया. आगे तो आपकी राय है. पहले जो लिखा है, वह हकीकत है."

साहेब खिडकीबाहेर पाहत होते.

खटला झाला नाही. सातही जणांकडून मुचलका लिहून घेतला. मुचलका म्हणजे वर्षभर शांत राहीन अशी लेखी हमी. गुन्हा शाबित व्हावा लागत नाही. पण नाव चौकीच्या यादीत चढतं आणि यादीतलं नाव शेडमध्ये घेत नाहीत.

आठवड्याने दशरथ ऑफिसच्या दाराशी आला. आत आला नाही. सर्टिफिकेटची घडी पुढे केली.

"यह आप रख लीजिए, दीदी. आपका लिखा चौकी में ज़्यादा चला."

आवाजात राग नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं.

पुढच्या रविवारी, चौकीतून परत आलेलं रजिस्टर घेऊन, मी वळणावर गेले. फावडी भिंतीला टेकवून तासभर थांबले. वरच्या गल्लीतून बिहारीची आई घागर घेऊन आली, मला पाहिलं आणि दुसऱ्या वाटेने गेली. महिन्याभरात नाली पुन्हा तुंबली आणि लाठ्याही परत आल्या.

आता दुसऱ्या वॉर्डात सफाई असते तेव्हा मी फक्त डोकी मोजते. नावं लिहीत नाही. शेऱ्याचा रकाना रिकामा का, असं ऑफिसातून विचारतात. लिहिण्यासारखं काही नव्हतं, असं मी सांगते.

वळणावर एकटी थांबले त्या रविवारचं पान अजून जुन्या रजिस्टरमध्ये आहे. हजर : शून्य. शेरा कोरा.