गाजरांचा लाल दिवा

परवा पेपर वाचता वाचता मी गाजरहलवा खाली लावला आणि त्या करपट-गोड वासाने मला थेट बाहत्तर सालच्या चिंचवडच्या चौकात नेऊन उभं केलं.

लग्न नवं, मोटरसायकल जुनी आणि तिचा मागचा दिवा गेलेला. चौकात पोलिसाने हात दाखवला, मी करकचून ब्रेक दाबला. मागून कंपनीची बस भरधाव येत होती. माझ्यामागे बसलेल्या हिने पिशवीतली लालभडक गाजरांची जुडी उंच धरून हलवली. बस वीतभर अंतरावर थांबली.

"वहिनी, दिवा झकास हाय!" ड्रायव्हर ओरडला. खिडक्यांतून टाळ्या पडल्या. तेव्हा मी गाजरांहून लाल झालो होतो. आता वाटतं, असा देखणा दिवा अख्ख्या पिंपरी-चिंचवडात कुणाकडे नव्हता.

घरी आल्यावर ही म्हणाली, "अहो, दिवा आजच बसवून आणा. गाजरं मी किसायला घेतेय."