दादासाठी लावलेली जॉयस्टिक

माझा थोरला भाऊ लष्करात हेलिकॉप्टर उडवायचा. उजव्या हाताला कंप सुटला आणि डॉक्टरांनी त्याचं उडणं बंद केलं, तेव्हा त्याची चाळिशीही झाली नव्हती. तो साताऱ्याला आईकडे परत आला. चहा पुढे ठेवला की कुणी बघत नाही ना, याची खात्री करायचा आणि मगच दोन्ही हातांनी कप उचलायचा.

मी तेव्हा सांगलीत कॉम्प्युटर जोडून देणाऱ्या एका दुकानात कामाला होते. सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णवची गोष्ट. हेलिकॉप्टर उडवायचा एक गेम दुकानात आला, तेव्हा वाटलं, निदान एवढं तरी त्याला करता येईल. एका शनिवारी दुकानातला जुना कॉम्प्युटर आणि एक जॉयस्टिक घेऊन मी एसटीत बसले. मॉनिटर साताऱ्यापर्यंत मांडीवरच होता.

"ह्येनं काय हुनार हाय गं?" आईने दारातच विचारलं. मी आत जाऊन वायरी जोडायला घेतल्या.

दादाने मात्र खुर्ची पुढे ओढली. जॉयस्टिक आधी चारी कोपऱ्यांत फिरवून घ्यायची, म्हणजे ती कुठवर जाते ते कॉम्प्युटरला कळतं. त्याने ती धरली आणि पडद्यावरची छोटी फुली थरथरायला लागली. "वायर ढिली असेल," मी घाईघाईने म्हणाले.

जॉयस्टिकच्या बुडाशी एक चाक होतं. ते पुढे सरकवलं की हेलिकॉप्टर वर जायचं.

"ह्ये उलटं हाय," दादा म्हणाला. "आमच्यात डाव्या हातानं दांडा वर वढायचा, तवा ते उचलतं."

मी चाकाची दिशा बदलून दिली. टेबलाखाली त्याचे पाय पेडल शोधत होते. ती मी कुठून आणणार? शेपूट वळवायला कीबोर्डवरची दोन बटणं ठरवून दिली.

हेलिकॉप्टर फूटभर उठलं आणि कलंडलं. पुन्हा उठवलं, पुन्हा कलंडलं. संध्याकाळपर्यंत असंच चाललं. शेवटी तो उठून गच्चीवर गेला आणि जेवायलाही खाली आला नाही.

रविवारी सकाळी तो आंघोळीला गेला, तेव्हा मी सेटिंग उघडलं. जॉयस्टिकची काठी मधल्या भागात थोडीफार हलली तरी गेमने तिकडे लक्ष द्यायचं नाही, अशी त्यात सोय होती. ती मी शेवटपर्यंत वाढवली. हेलिकॉप्टर आपोआप तोलून धरायची नवशिक्यांची सोयही चालू केली.

दादा येऊन बसला. हेलिकॉप्टर उठलं आणि झाडांच्या शेंड्यांएवढ्या उंचीवर स्थिर राहिलं. तो हसला. साताऱ्याला आल्यापासून मी त्याला हसताना पाहिलं नव्हतं. आईला हाक मारावी म्हणून मी वळले, तेवढ्यात त्याने काठीवरून हात काढला.

हेलिकॉप्टर तसंच राहिलं.

"हात सोडल्यावर ह्ये असं ऱ्हात न्हाई," तो हळूच म्हणाला. "काय केलंस?"

मी सांगितलं.

"काढ ते सगळं."

मी काढलं. त्याने एकदाच उडवलं, आपटलं आणि कॉम्प्युटर स्वतःच बंद केला.

"मला कळनार न्हाई, असं वाटलं व्हय तुला?"

"दादा, तुला जरा बरं वाटावं म्हणून..."

"परत घेऊन जा. दुकानात कामाला यील."

संध्याकाळी मी मॉनिटर रिक्षात ठेवला. तो दारापर्यंत आला, पण उचलू लागला नाही. त्याचा हात खिशात होता.

पुढच्या उन्हाळ्यात तो जतकडे पाण्याच्या टँकरांवर देखरेख करायला गेला. सह्या डाव्या हाताने करायला शिकला. माझ्याशी चांगला बोलायचा, पाऊसपाणी विचारायचा. पण हाताचं पुन्हा कधी काढलं नाही. औषधं बदलली, ती बंद केली, हे सगळं मला आईकडूनच कळत गेलं.