मठात घेतलेलं बाबांचं नाव

धामणगाव रेल्वेच्या फलाटावर आईनं वाकून मला वंदन केलं. अंगावर भिक्खूचं चीवर आल्यापासून ती मला आधी ‘भंतेजी’ म्हणायची, आणि मग लगेच आई व्हायची. त्या दिवशीही तसंच झालं.

“तुह्या आज्यानं मानूस म्हनून जगाले धर्म बदलला,” ती म्हणाली. “तू तं फादर लोकायच्या घरी रायाले चालला. त्यायनं तुले बदलवलं तं?”

बाबांनी माझी पिशवी डब्यात ठेवली.

मी जर्मनीतल्या एका ख्रिस्ती मठात निघालो होतो. बौद्ध भिक्खूंनी आणि तिथल्या साधूंनी काही महिने सोबत राहून एकमेकांची साधना पाहायची, असा बेत होता. सकाळी ते स्तोत्रं गात, मी मागच्या बाकावर डोळे मिटून बसे. ते देव मानत, मी मानत नाही. हे दोन्हीकडून मोकळेपणानं बोलून झालं होतं. तरी पहिले दिवस जड गेले. बरं वाटे ते बागेत. तिथं ब्रदर मार्टिन या म्हाताऱ्या साधूबरोबर बटाटे काढताना बोलायची गरजच पडत नसे.

तिथेच एका सकाळी बाबा गेल्याचा फोन आला. वेळेत पोचणं शक्य नव्हतं. मार्टिननं देवाचा विषय काढला नाही. “तुमच्याकडे अशा वेळी काय करतात?” एवढंच विचारलं.

“सगळे एकत्र बसतात. त्रिशरण, पंचशील म्हणतात.”

त्यानं सगळ्यांना बोलावून आणलं. पहिल्याच ओळीत मी अडलो. मी पुन्हा सुरू करेपर्यंत ती माणसं तशीच बसून राहिली. नंतर मार्टिन म्हणाला, “मी माझी प्रार्थना केली तर चालेल? नाव काय त्यांचं?”

“नामदेव.”

त्याच्या तोंडी ते ‘नामडेफ’ झालं.

आईला फोनवर हे सांगितलं. ती म्हणाली, “त्याले बहीन हाय का?”

“नाही.”

“मंग सांग त्याले, इकडं एक हाय.”

मी परत येतो म्हणालो, तर म्हणाली, “येऊन काय करशीन? घर तं तू चीवर घातलं तवाच सोडलं. तिथं मानसं भेटली, तं राय.”

मी राहिलो. गेल्या हिवाळ्यात मार्टिनला घेऊन धामणगावला आलो, तेव्हा तुम्ही सगळे गावकरी त्याला बघायला जमला होता. आईनं त्याच्यापुढे ताट ठेवलं. दोघांना एकमेकांचा एक शब्द कळत नव्हता, म्हणून मी दुभाष्या व्हायला गेलो.

“तू उगा राय,” आई म्हणाली. “आमाले समजते.”

भिक्खूला घर नसतं, हे मी मानतो. तरी घर कुठं असं कुणी विचारलंच, तर मठात बाबांचं नाव घेतलं ती सकाळ सांगतो.